सायकलवरून पडून कॉलरबोन मोडल्यास : पहिल्या तासापासून पुन्हा रस्त्यावर येईपर्यंत

सायकलवरून पडणारा माणूस बहुतेक वेळा हात टेकण्याआधीच खांद्यावर आदळतो. पावसाळ्यात घाटाच्या वळणावर चाक घसरते, रंग उडालेला गतिरोधक पहाटेच्या अंधारात दिसत नाही, किंवा घोळक्यातून जाताना आपले पुढचे चाक दुसऱ्याच्या मागच्या चाकाला लागते, आणि खांद्याचे टोक थेट डांबरावर येते. संपूर्ण हात धडाला हाडाने जोडलेला असतो तो फक्त गळ्याखालच्या या आडव्या कॉलरबोनने, त्यामुळे खांद्यावर बसलेला मार त्या हाडाच्या लांबीतून छातीकडे जातो. हे हाड इंग्रजी एस अक्षरासारखे वळलेले असते आणि त्याचे वळण जिथे बदलते तो मधला भाग सर्वांत बारीक असतो. कॉलरबोनचे सुमारे ८० टक्के अस्थिभंग या मधल्या तिसऱ्या भागातच होतात.

ज्यांच्या बाबतीत हे पहिल्यांदाच घडले आहे, त्यांच्यासाठी आणि त्यांची काळजी घेणाऱ्या घरच्यांसाठी हे मार्गदर्शन लिहिले आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. हाड भरून येण्यासाठी त्याला स्थिरता लागते, तर खांदा चांगला राहण्यासाठी त्याला हालचाल लागते, आणि या दोन्ही गरजा एकाच वेळी, एकाच ठिकाणी भागवायच्या असतात. बहुतेकांचे हाड योग्य वेळी जुळते, पण खांदा मात्र आपण काम केल्याशिवाय पूर्ववत होत नाही. पुढचा प्रत्येक टप्पा हा तोल सांभाळण्यासाठी आहे.

रस्त्यावर

पडल्यावर सर्वांत आधी लक्ष द्यावे ते डोके, मान आणि श्वास यांच्याकडे, कारण कॉलरबोनमुळे सहसा जीव धोक्यात येत नाही, पण तिच्यासोबत झालेल्या दुसऱ्या इजेमुळे येऊ शकतो. शुद्ध हरपली असेल, उलटी होत असेल, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जात असेल, किंवा मानेच्या मणक्यावर दुखत असेल, तर त्या व्यक्तीला उठवून बसवू नये. वाहनांपासून सुरक्षित ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. हेल्मेटला तडा गेलेला दिसला तर डोक्याला मार लागला आहे असे धरूनच चालावे.

कॉलरबोन मोडल्याचे बहुतेक वेळा स्वतःलाच कळते. हाड मोडल्याचा आवाज जाणवतो, गळ्याखाली उंचवटा किंवा खळगा हाताला लागतो, खांदा पुढे आणि खाली झुकतो, आणि माणूस आपोआप दुसऱ्या हाताने कोपर धरून उभा राहतो. ती पकडच योग्य असते, फक्त तिला कापडाचा आधार द्यायचा असतो. ओढणी, मोठा रुमाल किंवा जास्तीचा टीशर्ट घेऊन त्याची झोळी करावी, कोपर काटकोनात ठेवून मनगट कोपरापेक्षा किंचित वर राहील अशा बेताने ती मानेत बांधावी. काहीच हाताशी नसेल तर अंगातल्या जर्सीची खालची कड हातावरून वर उचलून सेफ्टी पिनने अडकवावी. हात ओढून हाड ‘बसवण्याचा’ प्रयत्न कोणालाही करू देऊ नये. त्या हातातले घड्याळ, अंगठी आणि कडे लगेच काढावे, कारण काही तासांत बोटे सुजतात.

पुढे सांगितलेल्यांपैकी एकही लक्षण दिसले तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात जावे. हाडाच्या टोकामुळे त्वचा ताणून पांढरी पडली असेल किंवा फाटली असेल, हात गार किंवा निळसर पडला असेल, बोटांत सतत मुंग्या येत असतील किंवा बोटे हलत नसतील, श्वास घेताना धाप लागत असेल, तर वेळ घालवू नये. हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि नसांचे जाळे कॉलरबोनच्या अगदी मागून व खालून जाते, आणि फुप्फुसाचे वरचे टोकही तिथून जवळ असते. यापैकी काही नसेल तर घाई करण्याची गरज नाही, पण सायकल चालवत किंवा दुचाकीवर मागे बसून घरी जाऊ नये. गाडीतून हळू, खड्डे टाळत जावे.

एखाद्या वाहनाने धडक दिली असेल तर रुग्णालयात तसे स्पष्ट सांगावे, म्हणजे पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद होते आणि पुढे विम्याच्या वेळी ती उपयोगी पडते. मदतीला थांबलेल्या व्यक्तीने पोलिसांच्या चौकशीला घाबरून मागे हटू नये, कारण २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा मदतगाराला संरक्षण दिले आहे.

दवाखान्यात काय करून घ्यावे, काय विचारावे

तपासणी अस्थिरोगतज्ज्ञाकडूनच करून घ्यावी. आपल्याकडे गावोगावी हाडवैद्य आहेत आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वासही आहे, परंतु एक्स-रे न पाहता मोडलेल्या कॉलरबोनवर केलेली मालिश किंवा आवळून बांधलेली पट्टी नसांना आणि रक्तवाहिन्यांना इजा करू शकते. सूज आलेल्या जागी तेल लावून चोळणे पहिल्या काही आठवड्यांत पूर्णपणे टाळावे.

एक्स-रे किमान दोन कोनांतून काढलेला असावा : एक समोरून आणि दुसरा किरणांचा रोख खालून वर तिरपा ठेवून. शक्य असल्यास तो उभे राहून काढावा, कारण झोपलेल्या अवस्थेत हाडाची टोके एकमेकांच्या जवळ आलेली दिसू शकतात आणि हाताच्या वजनाने ती प्रत्यक्षात किती सरकतात हे समजत नाही. खांद्याच्या टोकाशी असलेल्या छोट्या सांध्याची इजा बाहेरून कॉलरबोन मोडल्यासारखीच दिसते, पण तिचे उपचार वेगळे असतात. तेव्हा नेमकी इजा कोणती आहे हे विचारून घ्यावे. बरगड्या आणि खांद्याचे पाते यांचीही तपासणी झाली आहे ना, याची खात्री करावी. रस्त्यावर खरचटलेल्या जखमा स्वच्छ धुऊन त्यातली खडी काढून घ्यावी आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे. सर्वांचे लक्ष हाडाकडे असते आणि ही साधी गोष्ट राहून जाते.

डॉक्टरांना विचारण्याचे प्रश्न चारच आहेत. हाड कोणत्या भागात मोडले आहे? त्याचे किती तुकडे झाले आहेत? टोके एकमेकांना टेकलेली आहेत की पूर्ण सुटली आहेत? आणि हाडाची लांबी किती कमी झाली आहे? या चार उत्तरांवरच पुढचा सगळा निर्णय अवलंबून असतो. म्हणून ती लिहून घ्यावीत आणि एक्स-रेची प्रत स्वतःजवळ ठेवावी.

झोळी की शस्त्रक्रिया

या निर्णयापाशी रुग्ण सर्वांत जास्त गोंधळतो, आणि त्याला मिळणारे सल्लेही परस्परविरोधी असतात, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे.

हाड मधोमध मोडले की मानेपासून कॉलरबोनपर्यंत येणारा स्नायू आतला तुकडा वर खेचतो, हाताचे वजन बाहेरचा तुकडा खाली ओढते, आणि छातीचा मोठा स्नायू खांद्याला आतल्या बाजूला आणतो. त्यामुळे तुकडे एकमेकांवर चढतात आणि हाड आखूड होते. कोणतीही पट्टी किंवा पट्टा ही ओढ पूर्णपणे थांबवू शकत नाही. पाठीमागून आठच्या आकड्यासारखा बांधला जाणारा पट्टा आपल्याकडे अजूनही सर्रास दिला जातो, परंतु साध्या झोळीच्या तुलनेत त्याने हाड अधिक चांगले जुळते असे दिसून आलेले नाही, आणि काखेत तो अधिक काचतो. डॉक्टरांनी तो दिला असेल तर बोटांत मुंग्या येत नाहीत ना, हे दिवसातून अनेकदा पाहावे आणि येत असतील तर तो सैल करून घ्यावा.

कॉलरबोन शस्त्रक्रियेशिवाय जवळजवळ नेहमीच जुळते, ही समजूत बराच काळ होती. अमेरिकी शल्यविशारद चार्ल्स नीर यांनी १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या नोंदीत शस्त्रक्रियेविना उपचार केलेल्या २२३५ रुग्णांपैकी फक्त तिघांचे हाड जुळले नव्हते. पुढे प्रौढांमधील, तुकडे पूर्ण सरकलेले अस्थिभंग वेगळे काढून पाहिले तेव्हा हे प्रमाण बरेच जास्त आढळले. कॅनडातील अस्थिशल्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अशा रुग्णांचे दोन गट केले होते. शस्त्रक्रियेने हाडावर स्क्रूने धातूची प्लेट बसवलेल्या ६२ जणांपैकी २ जणांचे, तर झोळीवर ठेवलेल्या ४९ जणांपैकी ७ जणांचे हाड जुळले नाही. प्लेटच्या गटात हाड लवकर भरले. मात्र नंतरच्या अनेक चाचण्यांचा एकत्र विचार करता वर्षअखेरीस हाताच्या रोजच्या कामात दोन्ही गटांत फारसा फरक राहत नाही, असेही दिसून आले.

याचा रुग्णासाठी अर्थ असा की मधल्या भागात मोडलेले आणि टोके टेकलेली किंवा थोडीच सरकलेली असे हाड झोळीवर ठेवणे हाच योग्य मार्ग आहे. तुकडे पूर्ण सुटले असतील, दोन सेंटिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त आखूडपणा आला असेल, हाडाचा चुरा झाला असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार गांभीर्याने करावा. त्वचा फाटलेली किंवा फाटण्याच्या बेतात असणे, नस किंवा रक्तवाहिनीला इजा असणे, आणि खांद्याच्या पात्याची मानही सोबत मोडलेली असणे, या स्थितीत शस्त्रक्रिया बहुधा करावीच लागते. खांद्याच्या टोकाकडचा भाग मोडून सरकला असेल तर तो स्वतःहून न जुळण्याची शक्यता मधल्या भागापेक्षा जास्त असते. तिथे लवकर निर्णय घ्यावा.

मधल्या पट्ट्यात येणाऱ्या रुग्णांनी, म्हणजे ज्यांना डॉक्टर ‘दोन्ही चालेल’ असे सांगतात त्यांनी, माझ्या मते घाईने टेबलावर जाऊ नये आणि घाबरून टाळूही नये. प्लेट लवकर स्थिरता देते, वेदना लवकर कमी होतात, आणि हाताने काम करणाऱ्याला किंवा घरात दुसरे कोणी कमावणारे नसलेल्याला हे महत्त्वाचे असते. त्याच्या बदल्यात जंतुसंसर्गाची जोखीम, जखमेखाली छातीवर राहणारा बधिरपणाचा पट्टा, आणि त्वचेखाली जाणवणारी प्लेट पुढे काढावी लागण्याची शक्यता स्वीकारावी लागते. पाठीवर सॅक घेणाऱ्यांना, तसेच अंतर्वस्त्राचा पट्टा नेमका त्याच जागी येत असल्याने अनेक स्त्रियांना, प्लेट जास्त बोचते. हा मुद्दा शस्त्रक्रियेआधीच बोलून घ्यावा. निर्णयासाठी काही दिवस हातात असतात. साधारण दोन आठवड्यांच्या आत केलेली शस्त्रक्रिया सोपी जाते, त्यामुळे दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्यास पुरेसा अवकाश मिळतो. एक आठवडा झोळीवर राहून पुन्हा एक्स-रे काढणे हादेखील पूर्णपणे योग्य मार्ग आहे, कारण पहिल्या आठवड्यात टोके आणखी सरकू शकतात.

खर्चाची चिंता असेल तर विम्याची कागदपत्रे दाखल होण्याआधीच पाहावीत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ नेमलेला असतो. आपली शस्त्रक्रिया योजनेत बसते का, हे त्याच्याकडे विचारावे.

पहिले दोन आठवडे : घरातले दिवस

सर्वांत कठीण असते ती रात्र. सपाट झोपले की हाडाची टोके हलल्यासारखी वाटतात आणि उठताना तीव्र कळ येते. म्हणून पाठीमागे उशा रचून अर्धवट बसल्यासारखे झोपावे, दुखऱ्या बाजूच्या कोपराखाली एक उशी ठेवावी, म्हणजे हात मागे लोंबत नाही. आरामखुर्ची असेल तर पहिल्या आठवड्यापुरती तीच उत्तम. जमिनीवर अंथरूण घालून झोपण्याची सवय असेल तर काही दिवस पलंग किंवा दिवाण वापरावा, कारण जमिनीवरून उठताना माणूस नकळत दुखऱ्या हातावर भार देतो. भारतीय पद्धतीच्या शौचालयात उठताना हीच अडचण येते. खुर्चीवजा आसन मिळत नसेल तर निरोगी हाताच्या बाजूला धरायला काहीतरी पक्के असावे.

कपडे पुढून उघडणारे आणि सैल असावेत. घालताना आधी दुखरा हात बाहीत सरकवावा, काढताना तो सर्वांत शेवटी बाहेर काढावा. एवढा एक नियम पाळला तर बऱ्याच वेदना टळतात. अंघोळ करताना झोळी काढली तरी चालते, परंतु हात पोटाशी टेकवून ठेवावा. काख धुण्यासाठी कमरेतून थोडे पुढे वाकावे, हात आपोआप शरीरापासून सुटतो आणि तिथे ओले फडके फिरवता येते. कोकणात किंवा मुंबईच्या दमट हवेत झोळीखालची काख ओलसर राहून चिघळते, तेव्हा ती रोज कोरडी करून मध्ये सुती कापड ठेवावे. शस्त्रक्रिया झाली असल्यास जखम डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवसापर्यंत कोरडी ठेवावी. जखमेभोवती लाली वाढणे, पू येणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही झाल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

वेदनांसाठी पहिल्या काही दिवसांत पॅरासिटॅमॉल नियमित वेळेने घेणे, वेदना असह्य झाल्यावर घेण्यापेक्षा अधिक उपयोगी ठरते. निरोगी प्रौढाने दिवसभरात चार ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि सर्दीच्या किंवा इतर जोडगोळ्यांतही हेच औषध असते हे ध्यानात ठेवावे; यकृताचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांनी सांगितलेली कमी मात्राच घ्यावी. सूज कमी करणाऱ्या तीव्र गोळ्या मूत्रपिंड आणि पोट यांचा त्रास असणाऱ्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. बर्फ कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटे लावावा. पहिल्या आठवड्यात काळानिळा डाग छातीवर, दंडावर, कधी कोपरापर्यंत उतरतो. रक्त खाली झिरपत असल्याने तसे दिसते, त्याला घाबरू नये.

हालचाल केव्हा, किती

बोटे, मनगट आणि कोपर यांची हालचाल पहिल्या दिवसापासून सुरू करावी. दर एक-दोन तासांनी मूठ आवळून सोडावी, मनगट गोल फिरवावे, आणि झोळीतून हात काढून कोपर पूर्ण सरळ करावे व पुन्हा वाकवावे. याने बोटांची सूज उतरते आणि कोपर आखडत नाही. मानेची हलकी हालचाल आणि दोन्ही खांद्यांची पाती हलकेच मागे ओढणे हेही लवकर सुरू करता येते.

खांद्याची पहिली हालचाल म्हणजे लोलकाचा व्यायाम, आणि तो डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर, बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात, सुरू होतो. निरोगी हात टेबलावर टेकवून कमरेत वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि शरीर हलके झुलवून तो हात पुढेमागे, मग छोट्या वर्तुळात फिरू द्यावा. हात स्नायूंनी फिरवायचा नसतो, तो लोंबकळत फिरला पाहिजे. नवखे लोक नेमके इथे जोर लावतात. त्यानंतर निरोगी हाताच्या किंवा काठीच्या मदतीने दुखरा हात पुढे उचलण्याचा व्यायाम येतो. झोळीवर असलेल्यांनी साधारण पहिले सहा आठवडे हात खांद्याच्या पातळीच्या वर नेऊ नये आणि त्या हाताने चहाच्या कपापेक्षा जड काही उचलू नये. प्लेट बसवलेल्यांना बहुतेकदा यापेक्षा लवकर मोकळीक मिळते, परंतु प्लेटमुळे हाड आधीच जुळले आहे असे नाही. ते जुळेपर्यंतचा भार प्लेट आणि स्क्रू पेलत असतात.

वेदना हा चांगला मार्गदर्शक आहे, फक्त तिचे दोन प्रकार ओळखता यावेत. सांध्याभोवती ताण बसल्याची आणि व्यायाम थांबवल्यावर थोड्या वेळात विरणारी वेदना चालते. हाडाच्या जागी टोचणारी, खटखट जाणवणारी किंवा रात्रभर राहणारी वेदना चालत नाही. तेव्हा व्यायाम मागच्या पायरीवर आणावा. स्नायूंना बळ देणारे व्यायाम, म्हणजे रबरी पट्टा, हलकी वजने, भिंतीवरचे जोर, हे एक्स-रेत हाड भरल्याचे दिसल्यानंतरच. मधुमेह असणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्यांनी खांद्याची हालचाल विशेष जपावी, कारण त्यांचा खांदा आखडण्याची शक्यता अधिक असते. तालुक्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्ट सहज मिळत नसेल तर किमान दोनतीन भेटींत व्यायाम बरोबर शिकून घ्यावेत आणि घरी रोज करावेत.

खाणे, तंबाखू आणि काम

हाड भरण्यासाठी कोणताही एक चमत्कारी पदार्थ लागत नाही. डाळी, उसळी, अंडी, दूध, मासे यांतून पुरेसे प्रथिन मिळावे. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, त्यामुळे भाकरी किंवा आंबील रोजच्या जेवणात असणे चांगले. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे शहरात फार आढळते, म्हणून त्याची तपासणी करून घेणे योग्य. याहून कितीतरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे तंबाखू. सिगारेट आणि विडी यांमुळे हाड न जुळण्याचा धोका निश्चित वाढतो, आणि गुटखा व मशेरीतूनही निकोटीन शरीरात जातेच. हे महिने तरी ते पूर्ण बंद ठेवावे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे औषधाइतकेच आवश्यक आहे.

बैठे काम असणारे एकदोन आठवड्यांत कामावर जाऊ शकतात, मात्र कोपराला टेबलाचा किंवा उशीचा आधार असावा. मुंबईच्या लोकलमधली गर्दी पहिल्या सहा आठवड्यांत टाळावी. तिथे लागणारा एक धक्का अर्धवट जुळलेले हाड पुन्हा सरकवू शकतो. दुचाकी किंवा चारचाकी चालवणे झोळी सुटल्यानंतर आणि दोन्ही हातांनी अचानक वळण घेता येईल इतका ताबा आल्यानंतरच सुरू करावे.

हाड जुळत आहे हे कसे कळते

पहिल्या दोनतीन आठवड्यांत मोडलेल्या जागी मऊ, चिकट ऊतक तयार होते, आणि टोके हलल्याची जाणीव कमी होते. पुढे त्यात कॅल्शियम साठत जाते आणि प्रौढांमध्ये साधारण सहा ते बारा आठवड्यांत हाड रोजच्या वापरापुरते पक्के होते. लहान मुलांत हे फार लवकर घडते. एक्स-रे प्रत्यक्षापेक्षा मागे असतो. वेदना थांबूनही फट दिसत राहते, म्हणून सहाव्या आठवड्याचा एक्स-रे पाहून निराश होऊ नये. हाताला लागणारी गाठ म्हणजे जादा तयार झालेले नवे हाड असते. ती काही महिन्यांत थोडी बसते, पण झोळीवर बरे झालेल्यांत एक उंचवटा कायम राहू शकतो आणि त्याचा हाताच्या ताकदीशी बहुधा संबंध नसतो.

तीन महिन्यांनंतरही जागेवर दाबल्यास दुखत असेल, हात उचलताना आत काहीतरी हलत असेल, किंवा एक्स-रेत जोड दिसत नसेल, तर तज्ज्ञाला पुन्हा दाखवावे. सहा महिन्यांत न जुळलेले हाड बहुधा आपोआप जुळत नाही, परंतु प्लेट आणि गरजेप्रमाणे कमरेच्या हाडातून घेतलेला हाडाचा भाग लावून ते नंतरही चांगले जुळवता येते.

पुन्हा सायकलवर

येथे धीर सुटतो, कारण व्यावसायिक सायकलपटूंच्या बातम्या आपण वाचलेल्या असतात. डेन्मार्कचा सायकलपटू योनास विंगेगार्ड याची कॉलरबोन ४ एप्रिल २०२४ रोजी स्पेनच्या बास्क प्रांतातील शर्यतीत मोडली, सोबत बरगड्या मोडल्या आणि फुप्फुसालाही इजा झाली. त्या वर्षीच्या टूर द फ्रान्समध्ये तो दुसरा आला. हे अफाटच आहे, पण तारखाही पाहाव्यात. टूर २९ जूनला सुरू झाली, म्हणजे पूर्णवेळ वैद्यकीय चमू दिमतीला असतानाही त्याची पुढची शर्यत सुमारे बारा आठवड्यांनीच झाली.

घरातल्या इनडोअर ट्रेनरवर, म्हणजे सायकल एका जागी पक्की बसवून पॅडल मारण्याच्या उपकरणावर, पडण्याची शक्यता नसल्यामुळे, सरळ बसून आणि दुखरा हात झोळीत ठेवून पाय चालवणे दोनतीन आठवड्यांनंतर बऱ्याच जणांना जमते. शस्त्रक्रिया झालेल्यांनी टाके काढेपर्यंत घामाने जखम भिजवू नये. दोन्ही हात हँडलवर टेकवून बसणे वेदनेशिवाय जमू लागले की हँडलच्या खाली वळलेल्या भागावरच्या पकडीचा सराव करावा, आणि उभे राहून पॅडल मारणे सर्वांत शेवटी.

रस्त्यावर येण्यासाठी चार गोष्टी एकत्र जुळल्या पाहिजेत : एक्स-रेत हाड भरलेले दिसावे, मोडलेल्या जागी दाबल्यास दुखू नये, दोन्ही हात सारखे वर जावेत, आणि जमिनीवर काही जोर मारता यावेत. यासाठी सहसा दोन ते तीन महिने लागतात. पहिल्या राइड एकट्याने, सपाट, कोरड्या आणि ओळखीच्या रस्त्यावर कराव्यात. ब्रेक लावताना आणि खड्ड्यावरून जाताना खांद्याला किती धक्का बसतो हे तिथे समजते. घोळक्यातल्या राइड, घाट उतरणे आणि कच्च्या वाटा आणखी महिनाभर थांबू शकतात. अर्धवट जुळलेल्या हाडावर दुसऱ्यांदा पडल्यास प्लेट वाकते किंवा तिच्या टोकाशी हाड नव्याने मोडते, आणि तेव्हा उपचार पहिल्यापेक्षा अवघड होतात.

निघण्याआधी सायकल मेकॅनिककडून तपासून घ्यावी. पडताना हँडल, पुढचे चाक धरणारा काटा किंवा कार्बनची चौकट यांत बाहेरून न दिसणारी चीर गेलेली असू शकते. हेल्मेट, बाहेरून ठीक दिसले तरी, नवेच घ्यावे. त्यातला फोम एकदाच आघात शोषण्यासाठी बनवलेला असतो.

प्लेट बोचत नसेल तर ती आयुष्यभर तशीच राहिली तरी चालते. काढायची असेल तर हाड पूर्ण भरल्यानंतर, बहुधा एक ते दीड वर्ष उलटल्यावर, काढतात. त्यानंतर स्क्रूची भोके भरेपर्यंत हाड काही आठवडे तुलनेने कमजोर असते, म्हणून प्लेट काढण्याची तारीख ठरवताना आपल्या ब्रेव्हेचे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचे) किंवा शर्यतीचे वेळापत्रक डॉक्टरांसमोर ठेवावे आणि किमान सहा आठवडे तरी पडण्याची शक्यता असलेली राइड त्यात येणार नाही, अशी आखणी करावी.